वेबसाइटच्या पानाला कॉलम किती ठेवायचे? आधी क्रम ठरवा, मग कॉलम मोजा



वेबसाइट करायला दिली की डिझायनर पहिल्या दोन-तीन भेटींतच विचारतो, "लेआउट कोणता ठेवू? वन कॉलम, टू कॉलम, की साइडबारवाला?" सोबत लॅपटॉपवर चार-पाच नमुने दाखवतो. आपण त्यातला जरा भरगच्च दिसणारा निवडतो आणि म्हणतो, "हा छान आहे, असाच करा." साइट चालू होते, उरलेले पैसे दिले जातात. आणि मग आपण फोनची वाट बघत बसतो.

फोन न येण्याची कारणं अनेक असतात. पण त्यातलं एक कारण अगदी साधं आहे आणि ते सहज टाळता येतं. ग्राहकाला हवी असलेली माहिती पानावर असते, मात्र त्याच्या मोबाइलवर ती इतकी खाली गेलेली असते की तो तिथपर्यंत पोचतच नाही. ती खाली का जाते? कॉलममुळे. आजचा धडा याच विषयावर आहे. व्हिडिओत स्क्रीनवर जे भराभर दाखवलं, ते इथे सावकाश लिहून देतोय, म्हणजे डिझायनरसमोर बसताना हाताशी राहील.

उदाहरण घेऊया जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याचं. ओतूरहून माळशेजकडे जाताना लागणारं हे गाव. समजा, तिथल्या एका दादा-वहिनींनी स्वतःच्या शेतात छोटं कृषी पर्यटन केंद्र सुरू करायचं ठरवलंय. चार खोल्या, घरचं जेवण, शिवारफेरी. जुन्नर तालुका २०१८मध्ये राज्य सरकारने विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि २०२०मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आलं. म्हणजे व्यवसायाला वाव आहे. पण पावसाळ्यातले शनिवार-रविवार हातातून गेले की वर्षाच्या कमाईचा मोठा भाग गेला. अशा व्यवसायाला वेबसाइटवरचा एक-एक फोन महत्त्वाचा असतो.

कॉलम आपल्याला नवीन नाहीत

"कॉलम लेआउट" हा शब्द ऐकून दचकू नका. तुम्ही सातबारा वाचता ना? गाव नमुना ७मध्ये एका बाजूला जमिनीचा प्रकार आणि क्षेत्र, मध्ये भोगवटादारांची नावं, उजवीकडे इतर अधिकार. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा बघायचा असला की तुमची नजर आपोआप "इतर अधिकार"कडे जाते. सगळा कागद वाचत बसावं लागत नाही. कोणती गोष्ट कुठे सापडेल हे ठरलेलं आहे, म्हणून काम पटकन होतं. चांगल्या कॉलमचा पहिला फायदा हाच.

दुसरं उदाहरण मराठी छपाईतलं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. त्याच दिवसाच्या आठवणीत आपण पत्रकार दिन साजरा करतो. 'दर्पण'च्या पानावर दोन कॉलम असायचे, एका कॉलममध्ये इंग्रजी मजकूर आणि शेजारी मराठी. कारण वाचक दोन प्रकारचे होते. इंग्रजी जाणणारे राज्यकर्ते आणि मराठी वाचणारी आपली माणसं, दोघांपर्यंत पोचायचं होतं. म्हणजे पानावर दोन कॉलम का, याचं उत्तर वाचकांकडे होतं. "दोन कॉलम छान दिसतात" एवढंच कारण पुरेसं नसतं.

आता या दोन्ही उदाहरणांना एक अट लागू आहे. दोन्ही कागदावरची आहेत आणि कागदाची रुंदी बदलत नाही. सातबाऱ्याची पीडीएफ मोबाइलवर उघडून बघा. दोन बोटांनी मोठी करायची, डावीकडे सरकवायची, उजवीकडे सरकवायची. सातबारा आपण तरीही वाचतो, कारण तो आपल्याला हवाच असतो. तुमच्या वेबसाइटसाठी ग्राहक एवढे कष्ट घेणार नाही. तो मागे जाईल आणि दुसऱ्या कुणाची साइट उघडेल.

मोबाइलवर कॉलमचं काय होतं?

या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, तेव्हा नीट लक्ष द्या.

२०१०मध्ये इथन मार्कोट नावाच्या वेब डिझायनरने "रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन" ही कल्पना एका लेखात मांडली. अर्थ असा की साइट एकच, पण स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे तिची मांडणी बदलते. आज जवळपास सगळ्या तयार थीम याच पद्धतीच्या असतात. रुंद स्क्रीनवर शेजारी-शेजारी असलेले कॉलम अरुंद स्क्रीनवर एकाखाली एक रचले जातात.

कोणत्या क्रमाने? वेगळं काही सांगितलं नसेल तर डावीकडचा कॉलम आधी, तो पूर्ण संपला की मग उजवीकडचा.

याचे परिणाम बघा.

साइडबार उजवीकडे असेल, तर तो मोबाइलवर सगळ्या मजकुराच्या खाली जातो. आपल्या दादा-वहिनींनी फोन नंबर, दर आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण उजव्या साइडबारमध्ये ठेवलं असेल, तर लॅपटॉपवर ते अगदी डोळ्यासमोर दिसेल. मोबाइलवर मात्र आधी "आमच्याबद्दल", मग दहा फोटो, मग आसपासची ठिकाणं, आणि सगळ्यात शेवटी फोन नंबर.

साइडबार डावीकडे असेल तर उलटं होतं. मोबाइलवर आधी सगळा साइडबार येतो. त्यात जुने फोटो, फेसबुकचा चौकोन, "नवीन बातम्या" असं काहीबाही असेल, तर ग्राहकाला तेच आधी ओलांडावं लागतं. तुमचं केंद्र नक्की काय आहे हे कळायच्या आतच त्याचा अंगठा दमतो.

तीन कॉलम असतील तर डावा, मधला, उजवा असे तिन्ही एकाखाली एक येतात. तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं मध्ये ठेवलं होतं? ते आता दुसऱ्या नंबरवर गेलं.

म्हणून माझं म्हणणं असं: "कॉलम किती?" हा दुसरा प्रश्न आहे. "ग्राहकाला कोणत्या क्रमाने काय दिसलं पाहिजे?" हा पहिला. मोबाइलवर जवळपास सगळंच एका कॉलममध्ये येणार आहे. तो एक कॉलम आधी नीट लिहून काढा. मग लॅपटॉपच्या रुंद स्क्रीनवर त्यातलं काय शेजारी-शेजारी ठेवायचं ते ठरवा.

यात गुगलचाही मुद्दा आहे. साइट शोधात दाखवण्यासाठी गुगल आता तिचं मोबाइलवरचं रूप तपासतं. हा बदल गुगलने २०१६मध्ये जाहीर केला आणि २०२३मध्ये पूर्ण झाल्याचं सांगितलं. त्यामुळे "मोबाइलवर गर्दी होते, म्हणून दर तिथे लपवून टाकू" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जे मोबाइलवर नाही ते गुगलच्या हिशेबातही धरू नका.

चार मांडण्या आणि त्यांची कामं

*एक कॉलम.* वरून खाली सरळ वाचायचं. ओळख, गोष्ट, सूचना, प्रश्नोत्तरं, बुकिंगचा फॉर्म यांना हीच मांडणी बरी. फॉर्म तर कधीही दोन कॉलममध्ये करू नका, माणूस आधी खाली जायचं की उजवीकडे यातच गोंधळतो आणि एखादी चौकट रिकामी सोडतो.

*दोन कॉलम.* एकमेकांशी जोडलेल्या दोन गोष्टींसाठी. फोटो आणि त्याची माहिती. नकाशा आणि पत्ता. मोठा लेख आणि बाजूला त्याच विषयाचे इतर लेख. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसेल तर शेजारी ठेवू नका.

*तीन कॉलम.* तुलना करण्यासाठी. तीन पॅकेज, तीन दर, तीन सेवा. ग्राहकाला "यातलं कोणतं घेऊ?" हे ठरवायचं असतं तेव्हा. चौथा पर्याय शेजारी बसवायचा मोह होतो, पण लहान धंद्यात तीन पर्यायांत काम भागतं आणि निवडणाऱ्यालाही सोपं जातं.

*कार्डांची जाळी.* एकसारख्या अनेक वस्तू दाखवायला. प्रत्येक कार्डात एक फोटो, एक नाव, एक ओळ. दुकानातल्या फळीवर बरण्या मांडल्यासारखं.

आता खरी गंमत. आख्ख्या पानाला एकच मांडणी निवडायची सक्ती नाही. पान हे आडव्या पट्ट्यांचं बनवायचं. शेतात एकाच गटात कांद्याचे वाफे वेगळे, मेथीचा वाफा वेगळा, तसं. वरच्या पट्ट्यात एक कॉलम, त्याखालच्या पट्ट्यात तीन, मग दोन, पुन्हा एक. प्रत्येक पट्टा मोबाइलवर आपापल्या जागी उलगडतो आणि पट्ट्यांचा क्रम बदलत नाही. पानभर लांब साइडबार ठेवण्यापेक्षा लहान धंद्याला ही पद्धत जास्त सोयीची पडते.

डिंगोऱ्याच्या कृषी पर्यटन केंद्राचं पान मांडूया

आधी ग्राहक कोण ते बघा. ठाणे, कल्याण किंवा पुण्यातलं कुटुंब. गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर घरातलं कुणीतरी मोबाइलवर "माळशेज जवळ राहायची सोय" असं शोधतंय. त्याच्या मनातले प्रश्न या क्रमाने येतात: हे कुठे आहे, कसं दिसतं? किती पैसे पडतील? जेवणाचं काय? खोल्या, बाथरूम कसे आहेत? आसपास बघायला काय? पावसात गाडी जाईल ना? फोन कुणाला करू?

हाच आपला मोबाइलवरचा एक कॉलम. आता पट्टे पाडूया.

पहिला पट्टा, एक कॉलम. एक चांगला फोटो, त्याखाली एक ओळ: "डिंगोरे, ता. जुन्नर. ओतूर-माळशेज रस्त्यावर शेतातला मुक्काम, घरचं जेवण." त्याखाली दोन बटणं, "फोन करा" आणि "व्हॉट्सअ‍ॅप करा". इथे पाच फोटोंची सरकणारी माळ लावू नका. घाटाच्या बाजूला नेटवर्क कमी-जास्त होतं. वाटेत असलेल्या माणसाने साइट उघडली तर जड फोटो उघडेपर्यंत तो थांबणार नाही.

दुसरा पट्टा, तीन कॉलम. दर. उदाहरणापुरते आकडे घेऊया: एक दिवसाची सहल, माणशी ९०० रुपये. एक मुक्काम आणि चार वेळचं खाणं, माणशी १८०० रुपये. शाळा किंवा मोठा गट, फोनवर ठरेल. लॅपटॉपवर हे तिन्ही शेजारी दिसतील आणि तुलना होईल. मोबाइलवर एकाखाली एक येतील. तेव्हा डावीकडे कोणता ठेवायचा? मोबाइलवर तोच सगळ्यात वर येणार आहे. तुम्हाला मुक्कामी पाहुणे जास्त हवे असतील तर मुक्कामाचं पॅकेज डावीकडे ठेवा. बऱ्याच साइटवर "सर्वांत लोकप्रिय" पॅकेज मध्ये ठेवायची पद्धत असते. मोबाइलचा विचार केला तर ती जागा दुसरी ठरते, हे लक्षात ठेवा.

"दर लिहिले तर लोक फोनच करणार नाहीत" असं काही जण म्हणतात. उलट बाजूही बघा. दर नसले की पन्नास जण फक्त दर विचारायला फोन करतात आणि खऱ्या पाहुण्याचा फोन लागत नाही. सीझनला दर बदलत असतील तर "पासून पुढे" असं लिहा, पण आकडा द्या.

तिसरा पट्टा, दोन कॉलम. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला मजकूर. पहिली जोडी जेवणाची: चुलीवरची भाकरी, मासवडी आणि रस्सा. आपल्या भागाची मासवडी खायला लोक मुद्दाम येतात, तर तिचा फोटो इथे हवाच. दुसरी जोडी खोल्यांची, त्यात बाथरूमचाही फोटो टाका. शहरातलं कुटुंब तो शोधतंच.

इथे एक नेहमीची चूक होते. डिझायनर लॅपटॉपवर नागमोडी मांडणी करतो. पहिल्या ओळीत फोटो डावीकडे, मजकूर उजवीकडे. दुसऱ्या ओळीत मजकूर डावीकडे, फोटो उजवीकडे. लॅपटॉपवर झकास दिसतं. मोबाइलवर मात्र क्रम असा होतो: फोटो, मजकूर, मजकूर, फोटो. तिसरी ओळ असली की पुढे पुन्हा फोटो, मजकूर. आता मासवडीच्या मजकुराला खोल्यांचा मजकूर चिकटतो, खोलीच्या फोटोला पुढचाच फोटो चिकटतो, आणि कोणता फोटो कशाचा ते कळत नाही. यावर दोन उपाय आहेत. डिझायनरला "मोबाइलवर या ओळीचा क्रम उलटा करा" असं सांगा, बऱ्याच साधनांत तशी सोय असते. नाहीतर सरळ सगळे फोटो डावीकडेच ठेवा. थोडं साधं दिसेल, पण कुठेही बिघडणार नाही.

चौथा पट्टा, कार्डांची जाळी. आसपासची ठिकाणं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज घाट आणि पिंपळगाव जोगा धरण. मुद्दाम सहा घेतली. लॅपटॉपवर तीन-तीनच्या दोन ओळी, टॅबवर दोन-दोनच्या तीन ओळी, मोबाइलवर एकाखाली एक सहा. पाच किंवा सात कार्डं घेतली की शेवटच्या ओळीत एखादं एकटं लोंबकळत राहतं. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर ही दोन्ही ठिकाणं जुन्नर तालुक्यातच आहेत, हे त्या कार्डांवर एका ओळीत लिहा. दर्शनाला येणारं कुटुंब त्यामुळे मुक्कामाचा विचार करू शकतं.

पाचवा पट्टा, एक कॉलम. शंका आणि उत्तरं. पावसात रस्ता कसा असतो? रेंज येते का? आणि जुन्नरमध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न, "बिबट्याची भीती नाही ना?" याला टाळाटाळ करू नका. तालुक्यात बिबट्यांचा वावर आहे, माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, हे पाहुण्यांनाही माहीत असतं. अंधार पडल्यावर पाहुणे कुठपर्यंत जाऊ शकतात, कुंपण आणि उजेडाची काय व्यवस्था आहे, मुलांसाठी काय नियम आहेत, ते स्पष्ट लिहा. खरं उत्तर वाचूनच विश्वास बसतो.

सहावा पट्टा, दोन कॉलम. डावीकडे पत्ता, फोन, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी झाली असेल तर तिचा क्रमांक. उजवीकडे नकाशा. पत्ता डावीकडे का? आता उत्तर तुम्हीच द्या. बरोबर, मोबाइलवर तो आधी यावा म्हणून.

आणि शेवटची एक गोष्ट. मोबाइलवर स्क्रीनच्या तळाशी कायम दिसणारी बारीक पट्टी ठेवा, तिच्यात "फोन" आणि "व्हॉट्सअ‍ॅप" ही दोनच बटणं. मग ग्राहक पानावर कुठेही असो, तुमच्यापर्यंत पोचायला त्याला एकच बोट लागतं.

लॅपटॉपवाला ग्राहकही असतो

मोबाइलवर एवढा भर दिला म्हणून लॅपटॉपला विसरायचं नाही. शाळेची सहल ठरवणारे शिक्षक, कंपनीची पिकनिक ठरवणारे लोक बऱ्याचदा कॉम्प्युटरवर बघतात, दोन-तीन केंद्रांची तुलना करतात, वरिष्ठांना दाखवायला पानाची प्रिंट काढतात. त्यांच्यासाठी तीन कॉलममधले दर फार उपयोगी. सगळं पान एकाच लांब कॉलममध्ये ठेवलं, तर मोठ्या स्क्रीनवर दोन्ही बाजू ओस पडतात आणि तुलना करता येत नाही. म्हणून पट्ट्यांची पद्धत. दोघांचीही सोय होते.

दुसरा धंदा असेल तर?

*रोपवाटिका.* टोमॅटो, कोबी, मिरचीची रोपं विकणाऱ्याच्या शेतकरी ग्राहकाला तक्ता हवा असतो. पण सात रकान्यांचा तक्ता मोबाइलवर मावत नाही. तीनच रकाने ठेवा: वाण, रोपं कधी तयार, दर. बाकीची माहिती त्या वाणाच्या नावावर दाबल्यावर उघडू द्या.

*बचत गटाचे पदार्थ.* नाचणीचे पापड, लोणची, मसाले. इथे कार्डांची जाळी, आणि मोबाइलवरही एका ओळीत दोन कार्डं चालतात, कारण फोटो, नाव आणि किंमत एवढंच असतं. कार्डावर मोठं वर्णन टाकलंत तर दोन मावणार नाहीत.

*सल्ला देणारे व्यावसायिक.* कर सल्लागार, फिजिओथेरपिस्ट, क्लास घेणारे. यांच्या साइटवर लेख असतात. लेखाला एक कॉलम, लॅपटॉपवर उजवीकडे साइडबार ठेवला तर हरकत नाही. फक्त साइडबारमध्ये असं काही ठेवू नका, जे खाली गेलं तर धंद्याचं नुकसान होईल.

*मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं असेल तर?* 'दर्पण'सारखे दोन कॉलम शेजारी ठेवावेसे वाटतील. वेबसाइटवर ते करू नका. मोबाइलवर आधी आख्खी एक भाषा आणि मग आख्खी दुसरी असं होईल. दोन वेगळी पानं करा आणि वर "मराठी / इंग्रजी" असं बटण द्या.

डिझायनर "आठ-चार" म्हणाला तर

रुंदीचे बारा भाग करायची पद्धत डिझायनर लोकांत रूढ आहे. २०११मध्ये ट्विटरच्या दोघांनी बाहेर आणलेलं बूटस्ट्रॅप हे साधन याच बारा भागांवर चालतं. बाराच का? डझनाचा हिशेब आठवा. बाराचे दोन, तीन, चार, सहा असे समान वाटे पडतात. दहाचे तीन वाटे करायला गेलात तर तुकडा उरतो. "आठ-चार" म्हणजे मजकुराला आठ भाग, साइडबारला चार. "चार-चार-चार" म्हणजे तीन सारखे कॉलम.

स्वतः वर्डप्रेसवर साइट करत असाल तर "कॉलम्स" ब्लॉक घेतल्यावर तयार पर्याय समोर येतात: ५०/५०, ३३/६६, ६६/३३, ३३/३३/३३, २५/५०/२५. त्या ब्लॉकच्या सेटिंगमध्ये "स्टॅक ऑन मोबाइल" असं एक बटण असतं. ते चालू ठेवा. ते बंद राहिलं तर मोबाइलवरही कॉलम शेजारी-शेजारीच अडकतात. मोबाइलची रुंदी साधारण ३६० पिक्सेल धरली, तर तीन कॉलममध्ये प्रत्येकाला १२० सुद्धा नीट मिळत नाहीत. जेमतेम दहा-बारा अक्षरांची ओळ. "निवासव्यवस्था" एवढा एक शब्द लिहिला की ओळ संपली.

मराठी अक्षरांसाठी तीन सूचना

परदेशी थीम इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून केलेल्या असतात. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या-रफार, खाली उकार. म्हणून

पहिली सूचना, दोन ओळींतलं अंतर वाढवा. डिझायनरला "लाइन हाइट १.६ ते १.८ ठेवा" असं सांगा.

दुसरी, ओळ फार लांब नको आणि फार आखूडही नको. लॅपटॉपवर एका ओळीत साधारण दहा-बारा शब्द बरे. पूर्ण रुंदीभर ओळ गेली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना नजर चुकते.

तिसरी, मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ करू नका. अरुंद कॉलममध्ये मराठी शब्द लांब असल्याने मध्ये मोठी भोकं पडतात. डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळं असू द्या. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. हे पान मोबाइलवर कसं दिसतं, ते मला माझ्या स्वतःच्या फोनवर दाखवा.
२. साइडबार असेल तर तो मोबाइलवर वर जातो की खाली?
३. फोटो आणि मजकुराच्या जोड्या मोबाइलवर जोड्याच राहतात ना?
४. फोन नंबरवर दाबलं की थेट फोन लागतो ना? (नंबर फोटोत लिहिलेला असेल तर लागणार नाही.)
५. उद्या मी नवीन दर किंवा सातवं ठिकाण टाकलं तर मांडणी बिघडेल का? ते मला स्वतःला करता येईल का?

लॅपटॉपवर तपासायची एक सोपी युक्तीही सांगून ठेवतो. साइट उघडा, ब्राउझरची खिडकी लहान करा आणि तिची कड माउसने धरून हळूहळू आत ओढा. कॉलम एकाखाली एक कसे पडतात ते तुमच्या डोळ्यासमोर दिसेल. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे सहा महिने वाचू शकतात.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीच्या कागदाच्या दहा चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर तुमच्या पानावरची एकच गोष्ट लिहा: फोटो, नाव-गाव, दर, फोन, खोल्या, जेवण, ठिकाणं, शंका, नकाशा, अभिप्राय. आता त्या टेबलावर एकाखाली एक लावा. हे तुमचं मोबाइलचं पान. मग घरातल्या अशा माणसाला बोलवा ज्याला तुमच्या धंद्यातलं फारसं माहीत नाही. त्याला सांगा, "तुला इथे दोन दिवस राहायला यायचंय. एक-एक चिठ्ठी वरून वाचत ये आणि पुढे काय विचारावंसं वाटतं ते सांग." तो विचारेल त्याप्रमाणे चिठ्ठ्या वर-खाली करा.

क्रम पक्का झाला की शेजारी-शेजारी ठेवण्यासारख्या चिठ्ठ्या जोडीने किंवा तिघी-तिघींनी लावा. डावीकडची चिठ्ठी मोबाइलवर आधी येते, एवढं मात्र विसरू नका. त्याचा फोटो काढा आणि डिझायनरला पाठवा. "लेआउट कोणता ठेवू?" या त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत असेल, आणि ते तुमच्या ग्राहकाकडून आलेलं असेल.

पुढच्या धड्यात याच पानासाठी फोटो कसे काढायचे आणि ते हलके कसे करायचे ते बघू. तोपर्यंत चिठ्ठ्या करून ठेवा. शुभेच्छा!